अक्का, तुझ्या नवमीला

अक्का, तुला वाचता येत नव्हतं, म्हणूनच हे लिहायचा धीर होतोय. समोर बसून सांगायची वेळ आली असती तर मी काहीतरी काम काढून उठले असते आणि तू मला पदराला धरून खाली बसवलं असतंस. "बस गं. कुठं पळायलीस?" आता पळायलाही जागा नाही. शाळेत सगळं उर्दूतून चालायचं, तिथं मुलींना कोण पाठवतं? पण आबांनी घरीच मला पोथीपुरतं अक्षर शिकवलं. तुला नाही शिकवलं, कारण तू थोरली आणि कामाची. त्या अक्षराचा पुढं असा उपयोग होईल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

मागल्या वर्षीच्या श्रावणात तू गेलीस. वर्षाच्या आत पितरांत घेत नाहीत, म्हणून तुझी पहिली अविधवा नवमी यंदा आली. नवऱ्याआधी गेलेल्या बाईच्या नावानं एका सवाष्णीला जेवू घालायचं, तिची ओटी भरायची, आणि ती पाटावरून उठेपर्यंत तिलाच ती गेलेली बाई समजायचं, तिच्या पाया पडायचं, तिलाच त्या नात्यानं हाक मारायची. हे सगळं मला तूच शिकवलंस. आत्याबाईंच्या मेलेल्या जावेसाठी तू दर भाद्रपदात किती हौसेनं करायचीस! तिला तू पाहिलेलंही नव्हतं. आणि तुझ्या स्वतःच्या नवमीला या घरात काय झालं, ते मला सांगायचं आहे. एकदम तोंडातून निघत नाही, म्हणून आधीपासून सुरुवात करते.

पोखर्णीला तू मला मागायला आलीस तो दिवस मला अजून कडू लागतो. तुझ्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं, आणि आत्याबाई दुसरी सून बघत होत्या. परभणीकडची कुठलीशी मुलगी ठरत आली होती. तू एक गडी सोबत घेऊन बैलगाडीनं माहेरी आलीस, आबांशी काय बोललीस देव जाणे, आणि संध्याकाळी नरसिंहाच्या देवळात मला बाजूला घेतलंस.

"मला तुझी सवत करायलीस व्हय गं?" मी विचारलं.

"परकी आली तर मला चुलीपाशी बसू दील का? तू देशील."

"आन् म्या न्हाई दिलं तर?"

"तर तुझ्या झिंज्या धरीन. लहानपणापासून धरत आलेय. तुला सवय हाय."

आणि तू हसलीस. अख्खं देऊळ घुमलं, पुजाऱ्यानं वळून पाहिलं. मी हसले नाही. मला कुणी विचारलं नव्हतं, नुसतं सांगितलं होतं. या घरात आल्यावरही पुष्कळ दिवस मी तुझ्यावर धुमसत राहिले आणि तू तुझ्या वाटची साय माझ्या ताटात घालत राहिलीस. मला वाटायचं, ही मला लाच देतेय. देतही असशील. पण समोरची तोंड फिरवून बसली तरी रोज न चुकता लाच देणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

तुझ्या हाताला मात्र चव नव्हती, अक्का. हे मी तुझ्या तोंडावर इतक्यांदा बोलले आहे की आता मागून बोलल्यासारखं होणार नाही. तू मीठच विसरायचीस. आत्याबाई पहिला घास घेऊन तुझ्याकडं बघायच्या आणि तू जीभ चावायचीस. सागरगोट्यांत लबाडी करायचीस, पकडलं की रडायचं सोंग आणायचीस. पाल दिसली म्हणून दाण्यांचं भरलेलं सूप माझ्या अंगावर टाकून पळाली होतीस, आठवतं? संध्याकाळपर्यंत माझ्या अंबाड्यातून भुईमुगाची फोलपटं निघत होती. आपली भांडणं ऐकायला गावातल्या बायका किती टपून असायच्या. बिचाऱ्यांची निराशाच झाली. आपण चुलीपाशी बसून त्यांच्याच नकला करत होतो.

भांडलो ते एकाच गोष्टीवरून.

गोदी माझ्या पोटची. बाळंतपणानंतर मला लागलेला ताप काही केल्या सुटेना. पाजण्यापुरतं लेकरू माझ्याकडं यायचं, बाकी सारा वेळ तुझ्या कडेवर. मी उठून हिंडायला लागले तोवर तिला तुझ्याच अंगाच्या वासाशिवाय झोप येत नव्हती. बोलायला लागली तेव्हा तिनं तुला माय म्हटलं. मला काय म्हणायचं हे तूच ठरवलंस. "मी माय, तर ही तुझी मावशी." त्यात खोटं काही नव्हतं. सगळ्या घराला त्याची गंमत वाटली. मलाही वाटली असावी, कारण तेव्हा मी काही बोलले नाही.

बोलायला लागले ते पुढं.

"लेकरू मोठं व्हायलंय, अक्का. सांगून टाक तिला."

"सांगू की. जरा शानी होऊ दे."

पुढच्या वर्षी मी पुन्हा तेच म्हणायचे आणि तूही पुन्हा तेच. तू सांगणार नव्हतीस हे मला ठाऊक होतं. श्रावणातल्या त्या दुपारी आपण ओसरीवर मूग निवडत बसलो होतो. गोदी खेळून आली आणि तुझ्या मांडीत घुसली. मी तिला घ्यायला हात पुढं केले तर म्हणाली, "नको, मावशीचे हात खरबरीत हायेत." तू हसलीस. नेहमीसारखंच हसलीस, त्यात खोच काही नव्हती. पण माझं डोकं फिरलं. गोदी बाहेर गेल्यावर मी म्हणाले, "पोटात म्या वागवली. तुला फुकटात मिळाली."

तुझे हात थांबले. तू सूप खाली ठेवलंस आणि म्हणालीस, "मग घे."

त्यानंतर आपण धड बोललो नाही. कामापुरतं बोलायचो, तेही गोदीच्या तोंडून. मग तुला ताप भरला. वैद्याचा काढा झाला. सेलूच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं तर ओढ्याला पाणी, गाडी पलीकडं जाईना. ताप डोक्यात गेला आणि तू माणसं ओळखेनाशी झालीस. 'मग घे' हे तू चिडून म्हणालीस की खरोखर देऊन टाकलंस, हे विचारायचं राहून गेलं. तुझ्या उशाशी बसून मी ते विचारायला दोनदा तोंड उघडलं होतं. तू पोखर्णीच्या कुठल्याशा म्हशीला हाका मारत होतीस.

तुला न्यायच्या आधी बायकांनी तुला हळदीकुंकू लावलं, हिरवा चुडा भरला. "अहेव गेली गं, भाग्याची," असं जो तो म्हणत होता. मी हंबरडा फोडत होते. ते रडणं खरं होतं अक्का, त्यावर तरी विश्वास ठेव. पण त्या रडण्याच्या मधेच माझ्या मनात आलं, आता गोदी मला माय म्हणेल. तू अजून ओसरीवर होतीस. तुझ्या पायांना हळद लावत होते ते हात माझेच होते. आपल्याच मनाची एवढी किळस मला त्याआधी कधी आली नव्हती. तरी तो विचार गेला नाही.

तेरावा झाला, पाहुणे पांगले. आत्याबाईंनी गोदीला मांडीवर घेऊन समजावलं की तुझी खरी माय ही. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडं येऊन म्हणाली, "मावशी, वेणी घाल." एवढ्याशा लेकराची जीभ एका दिवसात कशी वळणार? ही समज मला असायला हवी होती. मी ऐकू न आल्यासारखं केलं. तिनं पुन्हा हाक मारली. मी चुलीत फुंकर घालत राहिले. शेवटी ती हळूच "माय" म्हणाली, आणि मी लगेच वळले, तिला जवळ घेतलं, छान वेणी घातली, वर गुळाचा खडाही दिला.

मग ते रोजचंच झालं. "मावशी, पाणी." मला ऐकू नाही. "मावशी, भाकर." ऐकू नाही. तिला लवकर कळलं. तरी झोपेतून उठली की, कुठं पडली-झडली की जुना शब्द तोंडातून निसटायचा, आणि मग माझ्या तोंडाकडं बघत ती थांबायची. एकदा तिच्या पायात बोरीचा काटा भरला. लंगडत, रडत माझ्यासमोर आली, "मावशी" म्हणाली, आणि मी ज्वारी पाखडत राहिले. ती तिथंच उंबऱ्यावर बसली आणि तिनं काटा आपल्या नखांनी काढला. मी ते सगळं डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत होते.

मी तिला मारलं नाही, कधी रागे भरले नाही. नुसती ओ दिली नाही. म्हणून घरात कुणाच्या ध्यानात आलं नाही. तू असतीस तर पहिल्याच दिवशी तुझ्या ध्यानात आलं असतं आणि खरोखरच माझ्या झिंज्या धरल्या असत्यास.

पौषात मी आजारी पडले. थंडी वाजून ताप यायचा, अन्न जाईना. आत्याबाईंनी गावातल्या जाणत्याला बोलावलं. त्यानं डोळे मिटून सांगितलं की थोरली मागं लागलीय, तिचा टाक करून धाकटीच्या गळ्यात घाला. वालूरच्या सोनारानं चांदीचा टाक करून दिला. बोटाच्या पेराएवढा पत्रा आणि त्यावर ठोकलेली एक बाई. तुझ्यासारखी मुळीच दिसत नाही. तुझं एवढं मोठं नाक, आणि त्या बाईला नाकच नाही. दुसरेपणावर दिलेल्या बायका गेलेल्या सवतीचा टाक घालतात, नवं लुगडं आधी तिला दाखवून मग आपण नेसतात. आपल्याकडं हे काही नवीन नाही. पण त्या बायका अनोळखी बाईला भितात. झोपेत माझं पांघरूण सरकलं तर उठून घालणाऱ्या सख्ख्या बहिणीला मी भीत होते.

आणि खरोखर भीत होते. माळवदावर मांजर चाललं तरी मी टाक मुठीत धरून म्हणायचे, "अक्का, मला काही करू नको." आयुष्यात मी तुला पुष्कळ टाकून बोलले, पण या एका वाक्याइतकी लाज मला दुसऱ्या कशाची वाटत नाही. तू मला काही करशील, असं मी तुझ्याबद्दल समजले. माझ्या मनात चोर होता आणि मी तुला भूत ठरवलं. त्याहून हलकी गोष्टही सांगून टाकते. गोदीला ओ द्यायची नसली की मी टाक उलटा करायचे.

भाद्रपद लागला. लढाईपायी साखर कंट्रोलात गेलेली, म्हणून तुझ्या खिरीला गूळ आणायला मी पार्वताबाईच्या दुकानी गेले. त्यांच्या लिंगायतांत पितरं घालत नाहीत, आणि दर वर्षी या दिवसांत तुम्हा दोघी मैत्रिणींचं त्यावरून जुंपायचं. गुळाची ढेप फोडता फोडता तिची नजर माझ्या गळ्याकडं गेली.

"सरूला बांधून ठिवलंय व्हय गं?"

"तुमच्यात नसतंय. तुमाला न्हाई कळायचं."

"आमच्यात माणूस गेलं की शिवात गेलं. त्येला भूक न्हाई, राग न्हाई. म्या तिला लय बारी म्हणलं, मेलेल्या माणसाला कढी कशाला लागती गं? तर म्हणायची, पार्वते, त्येला लागत न्हाई, आमाला वाढायला लागती." पार्वताबाईनं डोळ्यांना पदर लावला. मग विचारलं, "तुला काय तकलीफ देयलीय ती? सपनात येती का?"

"न्हाई."

"मंग?"

वर्षभरात तू एकदाही माझ्या स्वप्नात आली नव्हतीस. मी गुळाचं गाठोडं घेऊन निघाले, आणि वाटेत पहिल्यांदा मला वाटलं की तू यावंस. भांडायला का होईना.

नवमीच्या आदल्या दिवसापासून आत्याबाई गोदीला सांगत होत्या, "उद्या तुझी थोरली माय जेवायला येणार हाय." लेकरानं ते जसंच्या तसं धरलं. कशात बसून येणार, एकटीच येणार का, मुक्कामाला राहणार का, असं विचारून तिनं भंडावून सोडलं. सकाळी न सांगता न्हाली, धुतलेला परकर नेसली आणि दारात जाऊन बसली. मी गव्हाची खीर, कढी, वडे, भजी, कारल्याची भाजी करत होते. नैवेद्याची चव बघायची नसते, म्हणून मीठ अंदाजानंच घातलं. तुझ्यासाठी जरा कमीच घातलं आणि एकटीच चुलीपाशी हसले. त्या दिवसातलं तेवढंच चांगलं.

सवाष्ण म्हणून भावकीतल्या रखमाबाईला सांगितलं होतं. ती आत आली तेव्हा गोदी तिच्या मागं वाकून वाकून बघत होती, आणखी कुणी येतंय का म्हणून.

मी रखमाबाईचे पाय धुतले, हळदीकुंकू लावलं, हिरव्या बांगड्या दिल्या. ती पाटावर बसली. आत्याबाईंनी हात जोडले. "सरू, ये बाई माझी. पोटभर जेव." तुला उभ्या हयातीत त्या कधी 'बाई माझी' म्हणाल्या नव्हत्या. मग त्या म्हणाल्या, "गोदे, पाया पड. माय म्हण."

गोदी पाया पडली. पण बोलेना.

"म्हण की गं," रखमाबाई म्हणाली. "आज म्या तुझी मायच हाय."

गोदीनं माझ्याकडं पाहिलं. काटा भरला होता त्या दिवशी पाहिलं होतं तसंच. आणि सगळ्यांच्या समोर मला विचारलं, "हिला माय म्हणलं तर चालंल का? मंग तू मला ओ देशील न्हवं?"

"कशाची ओ गं?" आत्याबाईंनी विचारलं.

"मावशी म्हणलं की ही ओ देत न्हाई. पाणी बी देत न्हाई. माय म्हणलं की देती. आता ते हिला म्हणलं तर मला कोण दील?"

तिनं तक्रार केली नाही, अक्का. रडलीही नाही. खेळातला नियम सांगावा तसं तिनं सांगितलं. वर्षभर तो नियम पाळून पाळून तिला तो साधाच वाटायला लागला होता.

रखमाबाईचा हात खिरीच्या वाटीत तसाच राहिला. बाहेर कावळ्यासाठी पान ठेवून हे वाट बघत उभे होते, ते वळले आणि पुन्हा तिकडं तोंड करून उभे राहिले. आत्याबाई पाटाभोवतीच्या रांगोळीकडं बघत होत्या. मला वाटलं, आता बोलतील, शिव्या देतील, हाताला धरून उठवतील. मला ते हवंच होतं. पण त्या एवढंच म्हणाल्या, "वाढ. कढी वाढ तिला."

मी कढी वाढायला वाकले आणि टाक पुढं लोंबला. उलटा करायला माझा हात गळ्याकडं गेला, आणि तो तिथंच थांबला. कढी ताटाबाहेर सांडली.

जेवण झालं की घरातल्या धाकटीनं पाटावरच्या बाईला विचारायचं असतं, तृप्त झालीस का, काही राहिलं का. रखमाबाईनंच मान खाली घालून, न विचारता सांगितलं, "भरलं गं पोट." एरवी ती बाई कुणाचं झाकून ठेवणारी नाही हे तुला माहीत आहे. त्या दिवशी तिनं माझ्यावर दया केली, तीही तुझ्या नावानं. संध्याकाळपर्यंत गावात कळलं असेल सगळ्यांना. होऊ दे. गावाच्या तोंडाची मला फिकीर नाही. या एवढ्या मोठ्या घरात एक लेकरू पाण्याच्या तांब्यासाठी शब्द तोलत होतं, आणि ते माझ्यामुळं, याची लाज कुठं लपवू ते सांग.

भांडी घासून झाल्यावर मी तिला परसात घेऊन बसले. जे तू सांगू सांगू म्हणत राहिलीस ते मी सांगितलं, आणि तू सांगितलं असतंस त्याहून वाईट सांगितलं असणार. "पोटात म्या वागवली, पण वाढवली अक्कानं. माय तीच. मला तू मावशीच म्हण. म्या ओ दीन."

गोदी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. "आन् इसरलीस तर?"

"न्हाई इसरणार."

तिनं जरा विचार केला. "नको," ती म्हणाली. "मायच बरं हाय." आणि उठून खेळायला गेली.

मी तिच्यामागं गेले नाही. कुठल्या तोंडानं जाणार? तुला माय म्हणताना ती कधी विचार करत नव्हती. तू घे म्हणालीस, आणि मी ओढून घेतली. आता वाटतं, तू चिडून म्हणाली असशील किंवा देऊन टाकलं असशील, कसंही असो, तू दिली असतीस तर हळूहळू दिली असतीस. माझ्या हातांची तिला सवय केली असतीस. तिला झोपवताना माझ्या मांडीवर सरकवलं असतंस. तुझ्या वाटची साय माझ्या ताटात घालायचीस तशीच, मी बघत नसताना. तुझे उपकार मानायचे राहिले, अक्का. साईचे, पांघरुणाचे, आणि त्या तापाच्या दिवसांत माझं लेकरू जगवल्याचे. मी ते फुकट म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आत्याबाई म्हणाल्या, "भ्या वाटत नसंल तर काढ तो टाक." त्या दिवसाबद्दल त्या माझ्याशी तेवढंच बोलल्या. मी काढला नाही. आता भीती नाही, पण तू बघत असलीस तर बघ, असं वाटतं. उलटा करणं सोडलं आहे.

सर्वपित्री झाली. पितरं उठली की दुसऱ्याच दिवशी आपण घट बसवतो, कालपर्यंत मेलेल्यांची पानं आणि आज पेरणी, याचं मला लहानपणी नवल वाटायचं. तू म्हणायचीस, "रडायला पंधरा दिस दिलेत की. बास झाले. आता माती आण." आज सकाळी मी शेतातली काळी माती आणली, चाळली, त्यात गहू, ज्वारी, जवस मिसळले. तू नसताना पहिल्यांदाच मी मनापासून काही पेरत होते. गोदीला घटाचं मडकं धुवायला परसात पाठवलं होतं. मी देवापाशी बसून टोपलीत माती पसरत होते.

तिनं हाक मारली, "माय!"

माझे हात थांबले. मला वाटलं, तुला मारली. खरंच वाटलं, अक्का. किती तरी दिवसांनी तो आवाज इतका मोकळा लागला होता, तू असताना लागायचा तसा. मी तुझी ओ ऐकायला तशीच बसून राहिले.

"माय!" तिनं पुन्हा हाक मारली. मग पावलं वाजली आणि ती दारात येऊन उभी राहिली. परकर भिजलेला, हातात मडकं पोटाशी धरलेलं, आणि चेहरा उतरलेला.

"आता तर मायच म्हणायलेय," ती म्हणाली. "आता कामून ओ देत न्हाईस?"

मी ओ दिली. आवाज फुटला नाही. ती तशीच उभी होती, म्हणून मी पुन्हा दिली.